ऑइलकाका

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत कुणी दुचाकीचं ऑइल बदलायला काढलं, की पार्किंगमध्ये ऑइलकाका हजर. त्यांना वास कुठून लागतो कळत नाही. "कुठलं घालतोयस?" हा पहिला प्रश्न. उत्तर काहीही द्या, काका नुसतं "हं" म्हणतात. त्या "हं"मध्ये इंजिन जाम झालेलं असतं आणि गाडी टेम्पोत घालून नाना पेठेत निघालेली असते.

काकांची नोकरी बँकेत झाली. पण गेली कैक वर्षं ते रोज पहाटे एआरएआयच्या टेकडीवर फिरायला जातात. वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या त्या संस्थेच्या कुंपणाकडेने चालून जे ज्ञान अंगात मुरतं, ते इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मिळत नाही, अशी त्यांची ठाम समजूत आहे.

तपासणीचा विधी ठरलेला. डिपस्टिक काढायची, थेंब अंगठ्या-तर्जनीत चोळायचा, हुंगायचा, आणि आकाशाकडे बघून निदान सांगायचं, "काळं पडलं. दम गेला याचा." ऑइलमधली रसायनं इंजिनातली काजळी धरून ठेवतात म्हणून ते काळं होतं, म्हणजे ते आपलं कामच करत असतं, हे त्यांना सांगायचा धीर अजून कुणाला झालेला नाही.

खरा रंग भरतो तो आकड्यांवर. २०डब्ल्यू-४० की १०डब्ल्यू-३०? पहिला आकडा गारठ्यात ऑइल किती वाहतं याचा, दुसरा तापलेल्या इंजिनात ते किती दाट राहतं याचा. काकांचा सगळा जीव पहिल्यावर. "पाषाणला काय थंडी पडते माहितेय? सकाळी विशी घट्ट होते!" आता, विशीच्या ऑइलची स्टार्टिंगची चाचणी उणे १५ अंशांवर घेतात. पाषाणला उणे १५ झालंच, तर ऑइलची काळजी करायला आपण उरू असं वाटत नाही.

तरी काकांना निव्वळ बाता मारणारे म्हणता येत नाही. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा वडिलांच्या मोटारीचं उरलेलं ऑइल स्वतःच्या बाइकमध्ये ओतत होता, तेव्हा काकांनी त्याचं मनगट धरलं. "अरे बाळा, मोटारीचा क्लच कोरडा. तुझा क्लच याच ऑइलात बुडालेला. मोटारीच्या ऑइलात घर्षण कमी करणारा मसाला असू शकतो. क्लच घसरला तर इंजिन नुसतं ओरडेल आणि गाडी जागची हलायची नाही. डब्यावर जासो एमए लिहिलंय का बघ." शंभर टक्के खरं. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा, म्हणून तिला एमबी, हेही त्यांनी ओघात सांगितलं. तोवर मुलगा सटकला होता, त्यामुळे ते दूधवाल्याला ऐकावं लागलं. दूधवाला सायकलवर येतो.

वास्तविक या सगळ्याचं उत्तर प्रत्येक गाडीच्या सीटखाली, मॅन्युअलमध्ये एका ओळीत छापलेलं असतं. काकांना ते पक्कं ठाऊक आहे. पण ती ओळ वाचली की संभाषण संपतं. म्हणून मॅन्युअलचा विषय निघाला की ते म्हणतात, "ते कंपनीने लिहिलंय रे, कंपनीसाठी."

काकांची स्वतःची गाडी जुनी टू-स्ट्रोक चेतक. तिला टूटी ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, ते पेट्रोलबरोबर जळून धूर होऊन जातं. गिअरबॉक्सचं सोडलं, तर ऑइल बदलायचा प्रश्नच नाही. उभ्या सोसायटीची इंजिनं सांभाळायला काकांना वेळ मिळतो तो यामुळेच.

परवा बी विंगमध्ये नवी, विजेवरची चेतक आली. मालक खुशीत म्हणाला, "काका, इंजिनच नाही. ऑइलची कटकट संपली!"

काका गुडघ्यावर हात टेकून वाकले, मागच्या चाकाशी बोटाने टकटक केली, कान लावला.

"गिअर ऑइल कुठलं आहे यात?"

मालकाने घाईघाईने सीट उघडून मॅन्युअल बाहेर काढलं. काकांनी ते हळूच त्याच्या हातातून घेतलं, मिटलं आणि परत आत ठेवलं.

"असं कर, चहा टाकायला सांग."