लिहायला कोण बसतंय?

आपल्याकडच्या क्रीडा स्पर्धेत टेबल सगळ्यात आधी मांडलं जातं आणि स्कोअरशीट त्यावर सगळ्यात शेवटी येतं. आधी चादर, मग पाहुण्यांचे पुष्पगुच्छ, स्मृतिचिन्हं, पाण्याच्या बाटल्या, माइक. उद्घाटन आटोपतं, पाहुणे जीपमध्ये बसतात, आणि मग कोणाला तरी आठवतं, "अरे, लिहायला कोण बसतंय?" यजमान शाळेतलं एखादं सुवाच्य अक्षराचं पोट्टं धरून आणतात आणि त्याच्या हाती पेन देतात. शेजारी घड्याळ लावायला यजमान शाळेचेच सर बसतात, कारण त्यांच्या मोबाइलची बॅटरी भरलेली असते. झाली नेमणूक. स्पर्धा चंद्रपूरची असो की गडचिरोलीची, पात्रता दोनच: अक्षर आणि बॅटरी.

आता नियमाचं पुस्तक उघडा. बास्केटबॉलच्या टेबलावर चार माणसं लागतात: गुणलेखक, सहायक गुणलेखक, वेळाधिकारी आणि शॉट क्लॉक चालवणारा. १० मिनिटांची चार सत्रं. चेंडू हाती आला की २४ सेकंदांत बास्केटकडे फेकायचा. चेंडू रिंगला लागून परत त्याच संघाकडे आला तर २४ नाही, १४. खेळाडूचे पाच फाउल झाले की तो बाहेर. संघाचे एका सत्रात चार झाले की पुढच्या फाउलला समोरच्याला दोन फ्री थ्रो. गुणलेखकाने पेनची शाईसुद्धा सत्रागणिक बदलायची: पहिल्या-तिसऱ्याला लाल, दुसऱ्या-चौथ्याला निळी किंवा काळी. आपल्याकडे एक पेन असतं, तेही पाहुण्यांनी सही करून खिशात घातलेलं.

आणि शेवटच्या क्षणाचा नियम तर असा बारीक, की वाचताना चष्मा पुसावा लागतो. ०.३ सेकंद उरले असतील तर चेंडू झेलून फेकता येतो. ०.२ उरले असतील तर झेलायला वेळच नाही असं नियम धरून चालतो. चेंडूला नुसता हात लावून आत ढकललात तरच गुण. म्हणजे एक दशांश सेकंदावर बास्केट धरायची की नाही हे ठरतं. आणि आपले सर टेबलावर रेलून म्हणतात, "जाऊ द्या न बाप्पा, दोन-चार सेकंदानं काय होते!"

गंमत म्हणजे हेच सर खो-खोच्या मैदानावर दहा सेकंदांसाठी सरपंचाशी, म्हणजे मुख्य पंचाशी, भांडतात. खो-खोत वेळाधिकारी आणि गुणलेखक यांचा मान मोठा. पेपरातली बातमीच पाहा, संरक्षकाच्या नावापुढे '२.१० मि.' असं छापलेलं असतं. तीच त्या पोराची कमाई, आणि ती लिहून देणारा वेळाधिकारी. तिथे 'अंदाजे सव्वादोन मिनिटं' असं कोणी छापलं तर दुसऱ्या दिवशी संपादकाच्या दारात मोर्चा येईल. बैलांच्या शंकरपटाचंही तेच. विदर्भातल्या पटात जोडीची वेळ सेकंदाच्या अपूर्णांकापर्यंत मोजतात, आणि २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींचा कायदा वैध ठरवल्यापासून घड्याळवाल्यांना पुन्हा भाव आला आहे. बैलजोडीच्या मालकाला सांगून बघा, "भाऊ, तुमची वेळ अंदाजे लिहिली." आपल्या भागात बैलाला जो न्याय मिळतो तो दहावीच्या पोरीला मिळावा, एवढीच मागणी आहे. फार नाही.

गडचिरोलीकरांना तर वेळेचं महत्त्व कोणी सांगायला नको. राज्यात इतरत्र संध्याकाळपर्यंत मतदान चालतं, तेव्हा अहेरी-आरमोरीत २०२४ च्या लोकसभेला दुपारी ३ ला दार लागलं. तीनच्या ठोक्याला रांगेत उभा असलेल्याला मत देता येतं, त्यानंतर आलेल्याला नाही. बास्केटबॉलचाही नियम हाच आहे: भोंग्याआधी चेंडू हातातून सुटला असेल तर हवेतला मोजायचा, सुटला नसेल तर नाही. केंद्राध्यक्षाला जे एका प्रशिक्षणात कळतं ते क्रीडाशिक्षकाला वीस वर्षांच्या नोकरीत कळू नये? आणि बहुतेक वेळा दोघं एकच गृहस्थ असतात हो!

टेबलावर बसलेल्याने टाळ्या वाजवायच्या नसतात, हे सांगितलं की लोक हसतात. पण पाहा एकदा. यजमान शाळेची बास्केट पडली की गुणलेखक पोट्टं उभं राहून नाचतं, आणि बसेपर्यंत समोरच्या संघाने दोन गुण करून टाकलेले असतात. ते लिहायचे राहतात. त्यात लबाडी नसते, आनंद असतो. लबाडी पकडता तरी येते; आनंदाचं काय करणार? दुसरा प्रकार सल्लागारांचा. वेळाधिकारी सर घड्याळ मांडीवर ठेवून आपल्या संघाला ओरडतात, "अरे, डावीकडं दे!" तिसरा फोनवाल्यांचा. घड्याळ मोबाइलमध्ये, आणि मोबाइलवर मामांचा फोन. मामा बोलत राहतात, सेकंद पळत राहतात, पंचाने शिट्टी केव्हा मारली हे कोणालाच ठाऊक नाही. पंचाची शिट्टी झाली की घड्याळ थांबलं पाहिजे, हे बास्केटबॉलचं अर्धं व्याकरण. आमच्याकडे खेळ थांबतो, घड्याळ चालतं; कधी खेळ चालतो आणि घड्याळ थांबलेलं असतं. एखादं सत्र सतरा मिनिटांचं का झालं, हे विचारायचं नसतं.

टेबलावर खायचं नाही, बोलायचं ते आपसांत आणि मोठ्याने: "पाच नंबर, दोन गुण, एकूण बावीस." शेजारच्याने तेच परत म्हणायचं. गुणलेखक आणि सहायक यांचा हिशेब प्रत्येक बास्केटला जुळला पाहिजे, सामना संपल्यावर नव्हे. प्रशिक्षक टेबलाशी आला तर टाइमआउटसाठी किंवा माहितीसाठी, चहासाठी नाही. पहिल्या अर्ध्यात दोन टाइमआउट, दुसऱ्यात तीन. यजमानांना चौथा देणारं टेबल उदार नसतं, ते विकलेलं असतं. चहाच्या कपात का होईना.

ही सगळी गावठी भानगड आहे, मोठ्या जगात असं होत नाही, असं वाटत असेल तर १९७२ च्या म्युनिकला जाऊ. ऑलिंपिकचा अंतिम सामना, अमेरिका विरुद्ध सोव्हिएत संघ. तीन सेकंद उरलेले, अमेरिका ५०-४९ ने पुढे. सोव्हिएत प्रशिक्षक म्हणतात, आम्ही टाइमआउट मागितला होता, टेबलाने दिला नाही. खेळ सुरू झाला, एक सेकंद उरला असताना थांबला. आणि मग प्रेक्षकांतून उतरून आले आंतरराष्ट्रीय महासंघाचे सरचिटणीस विल्यम जोन्स. नियमाने चालू सामन्यात त्यांना काडीचा अधिकार नव्हता. त्यांनी तीन बोटं दाखवली: तीन सेकंद परत द्या. पुन्हा खेळ सुरू झाला तेव्हा घड्याळ नीट लागलेलंच नव्हतं, भोंगा मध्येच वाजला, अमेरिकेने जिंकल्याचा जल्लोष केला. तिसऱ्यांदा तेच तीन सेकंद दिले, आणि सोव्हिएत संघाच्या बेलोव्हने बास्केट केली. ५१-५०. ब्राझीलचे पंच रिगेतो यांनी स्कोअरशीटवर सही करायला नकार दिला. अमेरिकेचं अपील समितीत ३-२ ने फेटाळलं गेलं. त्यांनी रौप्यपदकं घेतलीच नाहीत, आजपर्यंत नाहीत.

प्रमुख पाहुणे मंचावरून उतरून टेबलाशी आले की काय होतं, त्याचा हा जागतिक पुरावा. आपल्याकडचे पाहुणे निदान तीन बोटं दाखवत नाहीत. ते म्हणतात, "पोट्टे दुरून आले, द्या न थोडा वेळ." बिचाऱ्या जोन्सना एवढं गोड बोलता येत नव्हतं.

यात हसण्यासारखं एवढंच. पुढचं नाही. सिरोंच्याचा संघ जिल्ह्याच्या सामन्याला दोनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून येतो. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ही शिडी, आणि वरच्या पायरीवरच्या प्रमाणपत्राला सरकारी नोकरीत ५ टक्के समांतर आरक्षणाचं वजन. पोलीस भरतीकडे डोळे लावून बसलेल्या चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत ते वजन किती, हे पहाटे डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या पोरापोरींना विचारा. राज्यात ट्रॅम्पोलिनच्या बनावट प्रमाणपत्रांचं प्रकरण गाजलं, तेव्हा सगळे म्हणाले, कागद खोटा होता. पण कागद खरा, शिक्का खरा, सही खरी आणि आकडाच चुकीचा, असं झालं तर? स्कोअरशीट हा खेळाचा सातबारा आहे. तो लिहिणाऱ्या तलाठ्याला आपण चादरीसोबत भाड्याने आणतो.

चूक होणारच, आणि नियमाने ती धरलेली आहे. गुणलेखकाला चूक सापडली तर चेंडू मृत होईपर्यंत थांबायचं, मग भोंगा द्यायचा. सामना संपल्यावर सापडली तरी, मुख्य पंचाची सही होईपर्यंत दुरुस्त करता येते. निकाल उलटत असला तरी. टेबलावरच्या सगळ्यांच्या सह्या आधी आणि मुख्य पंचाची सगळ्यात शेवटी. ती झाली की आकड्याला हात लावायचा नाही, फक्त आयोजकांकडे अहवाल पाठवायचा. म्हणून सही म्हणजे घाईत उरकायची गोष्ट नव्हे. आमच्याकडे मात्र पंचाकडून कोऱ्या शीटवर सही आधीच घेऊन ठेवतात. का, तर त्यांना नागपूरची गाडी पकडायची असते.

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या, १९१४ पासून चाललेल्या संस्थेने विदर्भाला पिढ्यान्‌पिढ्या क्रीडाशिक्षक पुरवले. त्यांना नियम येत नाहीत असं कोण म्हणेल? येतात. पण टेबलावर बसणं त्यांना कमीपणाचं वाटतं. शिट्टी गळ्यात असली की फोटोत येता येतं. पेन घेऊन बसणारा फोटोत पुष्पगुच्छामागे झाकला जातो. तेव्हा क्रीडा कार्यालयाने या हंगामात दुसरं काही करू नये. प्रत्येक सामन्याला दोन्ही खेळणाऱ्या शाळांखेरीज तिसऱ्या शाळेचे शिक्षक टेबलावर बसवावेत, त्यांनाही पंचाइतकंच मानधन द्यावं, आणि मोबाइल बाहेर ठेवून एक साधं स्टॉपवॉच विकत घ्यावं. पुष्पगुच्छाहून स्वस्त पडेल.

आणि प्रशिक्षकांसाठी एक. आंतरराष्ट्रीय स्कोअरशीटवर तळाशी कर्णधारासाठी छोटा रकाना असतो: हरकत असेल तर सही करण्याचा. सामना संपल्यापासून १५ मिनिटांत ती करावी लागते. सिरोंच्याच्या, एटापल्लीच्या, जिवतीच्या किती कर्णधार पोरींना तो रकाना कोणी बोट ठेवून दाखवला आहे? आमच्याकडे त्या १५ मिनिटांत आभारप्रदर्शन चालू असतं, आणि ते होईपर्यंत पोरींना उभं राहून टाळ्या वाजवाव्या लागतात.