मांजराने तोंड घातलेली कढी

मंगल कार्यालयाचं दरपत्रक वाचून घाम फुटतो, हे आपण जाणतोच. वाचून हसू येईल असं दरपत्रक मात्र दुर्मीळ. २०१४ साली, इकडे गणपती उठल्याच्या सुमारास, अमेरिकेतल्या एका रॅप जोडगोळीने तसलं एक दरपत्रक जाहीर केलं. नवा अल्बम येऊ घातला होता. आगाऊ नोंदणी करणाऱ्यांना काय काय मिळेल याची ती यादी, आणि तिच्यात खऱ्या मालाबरोबर निखालस थापाही बिनदिक्कत लावलेल्या. त्यातली एक थाप अशी: कुणी ४०,००० डॉलर मोजले, तर हा अख्खा अल्बम आम्ही पुन्हा करू आणि त्यातलं सगळं संगीत फक्त मांजरांच्या आवाजांतून काढू.

४०,००० डॉलर म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण २४ लाख रुपये. म्यांवसाठी एवढे पैसे कोण सोडणार, या भरवशावर थाप मारलेली.

जोडगोळीचं नाव रन द ज्युल्स. न्यूयॉर्कच्या गल्लीबोळातली ही भाषा. अर्थ सरळ आहे, ‘चल, काढ दागिने.’ बोधचिन्हातही एक हात मुठीत सोनसाखळी धरून आणि दुसरा बोटांचं पिस्तूल रोखून. आणि ही दरोडेखोर मंडळी अल्बम देतात कसा? फुकट. इंटरनेटवरून उतरवून घ्या, पैसे द्यायचेच असतील तर तबकडी घ्या. चोराने दारात यावं, दागिने काढ म्हणून दरडावावं आणि आपल्याच हातात पाकीट ठेवून निघून जावं, असा सगळा व्यवहार.

दोघांतला एल-पी ब्रुकलिनचा, गोरा. किलर माइक अटलांटाचा, काळा, देहाने आडवातिडवा, आणि हे नाव घेऊन फिरणारा गृहस्थ एका पोलिसाचा मुलगा. दोघांचा जन्म १९७५चा, म्हणजे तेव्हा दोघेही एकोणचाळीस. रॅपच्या धंद्यात या वयाला माणसं आठवणी सांगायला बसतात. हे दोघे याच वयात गाजायला लागले.

तर थाप. एका चाहत्याने ती मनावर घेतली आणि किकस्टार्टरवर वर्गणी सुरू केली. आपल्याकडे पावतीपुस्तक दिसलं की लोक दार लावून घेतात. इथे लोक मांजरांच्या संगीतासाठी आपणहून पाच-दहा डॉलर टाकत सुटले. ४०,००० पार झाले, आणि आकडा थांबला तो ६५,००० डॉलर ओलांडून. आपल्याकडे वर्गणीदार मंडळाला घाबरतो. तिकडे मंडळच वर्गणीदारांना घाबरलं असणार.

मस्करीची कुस्करी म्हणतात ती ही.

आता अशा वेळी काय करायचं याचा धडा आपल्याला पाठ आहे. ‘माझ्या विधानाचा विपर्यास केला गेला’ म्हणायचं. फारच अंगाशी आलं तर ‘तो जुमला होता’ म्हणून मोकळं व्हायचं. एल-पीला हे प्रशिक्षण नसावं. करतो म्हणाला. आणि या अल्बमचं उत्पन्न एरिक गार्नर आणि मायकेल ब्राउन यांच्या कुटुंबांकडे जाईल, असंही सांगून बसला.

इथे हसणं जरा थांबतं. त्याच वर्षी १७ जुलैला न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर पोलिसांनी गळा आवळून धरला आणि गार्नर मेला. सुट्या सिगारेटी विकतो असा संशय होता. श्वास घेता येत नाही, असं त्याने अकरा वेळा सांगितलं, आणि ते चित्रफितीत आहे. ९ ऑगस्टला मिसुरीतल्या फर्ग्युसनमध्ये अठरा वर्षांच्या ब्राउनला पोलिसाच्या गोळ्या लागल्या. म्हणजे मांजरांची वर्गणी गोळा होत होती ती या दोन मृत्यूंच्या जेमतेम काही आठवडे पुढे.

ऑक्टोबरच्या २४ तारखेला मूळ अल्बम आला, ‘रन द ज्युल्स २’. त्याच्या पोटात पोलीस आणि तुरुंग यांच्यावरचा राग ठासून भरलेला. पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या नावाजलेल्या संकेतस्थळाने त्याला वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं. बरोबर एका महिन्याने, २४ नोव्हेंबरच्या रात्री, ही जोडी सेंट लुइसमध्ये कार्यक्रमाला उभी राहणार होती. फर्ग्युसन तिथून हाकेच्या अंतरावर. त्याच संध्याकाळी निकाल आला, की ब्राउनवर गोळ्या झाडणाऱ्या पोलिसावर खटला चालणार नाही. माइक मंचावर आला आणि गाण्याआधी बोलला. आवाज फुटत होता. पोलिसाचा मुलगा आपल्या मुलांच्या जिवाची भीती बोलून दाखवत होता.

आणि यांच्या डोक्यावर मांजरांचं देणं होतं.

आता थोडं रिमिक्सबद्दल. रिमिक्स म्हणजे शिळ्या कढीला ऊत, अशी आपली व्याख्या आणि ती आपण अनुभवाने मिळवलेली आहे. १९७२च्या ‘समाधी’तलं लताबाईंचं ‘कांटा लगा’ २००२ साली ज्या अवस्थेत परत आलं, ते पाहिलेल्या पिढीला कुणी रिमिक्सचं तत्त्वज्ञान शिकवायला जाऊ नये. त्या कढीला ऊत आणायला आच नव्हे, व्हिडिओ लागला होता. पुढे वरातीत तीच कढी ट्रॅक्टरवर ठेवून गावभर फिरवली गेली.

मुळात ही कला हलकी नाही. १९७०च्या दशकात जमैकात किंग टबीसारख्या, रेडिओ दुरुस्त करता करता मिक्सिंगच्या फळीवर बसलेल्या माणसाने गाण्यातून गायकच काढून टाकला, उरलेल्या ढोल-बेसला प्रतिध्वनी दिला आणि त्याच गाण्यातून दुसरंच गाणं उभं केलं. कढी तीच, फोडणी नवी. पुढे कंपन्यांना कळलं की फोडणीचेही पैसे मिळतात. तेव्हापासून आजतागायत अल्बम येतो, मग तीन महिन्यांनी ‘डीलक्स’ येतो, मग रिमिक्स, मग ‘संथ आणि घुमणारा’ प्रकार. गाणं एक, ताटल्या चार. ऐकणारा बिचारा चारही ताटल्यांत डाळ शोधतो.

‘म्यांव द ज्युल्स’ मात्र कुठल्याच कंपनीच्या बैठकीत सुचणं शक्य नव्हतं. ते आलं २५ सप्टेंबर २०१५ला. तेही फुकट!

एल-पीने आपल्या ओळखीपाळखीतली माणसं कामाला लावली, आणि ही माणसं ऐरीगैरी नव्हेत. जे-झीला बीट करून देणारा जस्ट ब्लेझ. ब्रिस्टलच्या पोर्टिसहेडचा जेफ बॅरो. दी अल्केमिस्ट. झोला जीझस. शिवाय प्रिन्स पॉल, ज्याने १९८९ साली दे ला सोलचा पहिला अल्बम घडवला आणि रॅपच्या अल्बममध्ये गाण्यांच्या अधेमधे विनोदी प्रसंग टाकायची चाल पाडली. आयुष्यभर कान तयार केलेले हे लोक मांजरांच्या ध्वनिफिती कापत बसले. इंटरनेटवर गाजलेली लिल बब ही मांजरही पाहुणी कलाकार म्हणून हजर. मानधन काय घेतलं, कल्पना नाही. माशाखाली काम केलं नसावं.

गाण्यांची नावं सगळी बिघडवलेली. ‘ओ माय डार्लिंग डोन्ट क्राय’चं ‘डोन्ट म्यांव’ झालं. ‘लाय, चीट, स्टील’मधली चोरी गेली आणि तिच्या जागी म्यांव आलं. ‘क्राउन’मध्येही कुठून तरी ‘म्यांव’ घुसवलेलं आहे. शाळेतल्या मागच्या बाकावरची कोटी, पण ती चाळिशीच्या बाप्यांनी संपूर्ण यादीभर न थकता केलेली.

मी हेडफोन लावून ऐकायला बसलो तो चेष्टा करायच्या तयारीनेच. पहिल्या दहा मिनिटांत एक गोष्ट लक्षात आली: मांजराची घुरघुर हा अस्सल बेस आहे. तिची मूळ कंपनं सेकंदाला पंचवीस-तीसच्या आसपास असतात, म्हणजे कानाला लागण्याआधी बरगडीला लागतात. मांडीवर मांजर घेऊन बसलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. म्यांव हा तर जन्मजात मींड घेऊन आलेला स्वर, वर जातो आणि वळणाने खाली येतो. फिसकारलं की झांज मिळते. सगळा वाद्यवृंद एका प्राण्यात, तोही अंगणात आयता. आणि गंमत अशी की मोठी झालेली मांजरं आपापसात सहसा म्यांव म्हणतच नाहीत. तो आवाज ती माणसासाठी राखून ठेवतात, काहीतरी हवं असलं की काढतात. समोरच्याकडून काहीतरी उकळण्यासाठी घोटून घोटून तयार केलेला सूर. लोकप्रिय संगीताची याहून नेमकी व्याख्या मला कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडलेली नाही.

दरम्यान माणसांचे शब्द जसेच्या तसे. माइक तोच, त्याचा गुरगुराट तोच, खाली फक्त मांजरं. त्यामुळे दोन्हीतलं जास्त रागावलेलं कोण, हे काही ठिकाणी कळत नाही.

खरं सांगायचं तर अर्धा अल्बम कंटाळवाणा आहे. विनोद तिसऱ्यांदा सांगितला की जे होतं तेच होतं. सातव्या गाण्याला मांजर परत ओरडतं आणि आपण घड्याळ बघतो.

पण एक गाणं आहे, मुळात ‘अर्ली’ नावाचं. मूळ अल्बममध्ये ते ऐकताना जीव गोळा होतो. माइक त्यात एका माणसाची हकीकत सांगतो: पोलीस अडवतात, तो विनवण्या करतो, बायकोमुलासमोर बेड्या पडतात आणि शेवट भलतीकडेच जातो. हे गाणं ज्याचा गळा घेऊन उभं आहे, त्या बूट्सनेच त्याचं मांजर-रूपही केलं. मनात म्हटलं, आता हे लोक पायरी सोडणार. अशा गाण्याखाली म्यांव घालणं म्हणजे सुतकात पिपाणी वाजवणं.

कोकणातल्या आमच्या घराच्या मागल्या पडवीत रात्री बोके रडायचे. अगदी तान्ह्या पोरासारखे. आजी अंथरुणातूनच ‘हाड् हाड्’ करायची, आणि ते थांबले नाहीत तर उठून बसायची. दिवा लावायची नाही, नुसती बसायची. मांजराचं रडणं चांगलं नसतं, एवढंच म्हणायची. का, ते कधी सांगितलं नाही. हेडफोनमध्ये माइक बेड्यांबद्दल बोलत होता, त्याच्या खाली मांजरं होती, आणि मी पुण्यात चौथ्या मजल्यावर भर दुपारी त्या पडवीत जाऊन पोचलो. ते गाणं मी परत लावलेलं नाही.

बूट्सला आमची आजी माहीत असण्याचं कारण नाही. चेष्टा म्हणून घेतलेल्या वाद्यातून तो आवाज निघायचा तो निघाला.

पुढे जून २०२०मध्ये, पोलिसांच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर नऊ दिवसांनी, रन द ज्युल्सचा चौथा अल्बम ठरल्या तारखेच्या दोन दिवस आधी आला. त्यात गार्नरच्या त्या अकरा वेळा म्हटलेल्या शब्दांची आठवण काढणारी ओळ होती, आणि ती फ्लॉइडच्या आधीच लिहिली गेली होती. लोकांना वाटलं, कालच लिहिली. त्याही अल्बमचं रिमिक्स २०२२मध्ये निघालं, लॅटिन अमेरिकेतल्या कलाकारांना घेऊन. चांगलं आहे, नाचता येतं. त्या वेळी दरपत्रक नव्हतं, वर्गणी नव्हती, मांजरंही नव्हती.

आमच्या सोसायटीत एक पिवळा बोका आहे. कचऱ्याच्या डब्यावर त्याची सत्ता. परवा ‘म्यांव द ज्युल्स’ स्पीकरवर लावलं, तेव्हा तो खिडकीच्या कठड्यावर येऊन बसला. कान टवकारले. जस्ट ब्लेझचं अख्खं गाणं ऐकलं. मग स्पीकरच्या मागे जाऊन नीट बघितलं, हुंगलं आणि मासळी कुठेच नाही अशी खात्री झाल्यावर माझ्याकडे असा बघत खाली उतरला, की जणू वर्गणी त्यानेच भरली होती.