तीस माणसांचा एक माणूस

अमेरिकेत इलिनॉय राज्यात एकोणीस वर्षांचा एक कृष्णवर्णीय तरुण होता. त्याला ट्रम्प पसंत होते. बस्स, इतकंच. पण 2016 च्या निवडणुकीत या पोराने ट्रम्प यांच्यासाठी जे केलं, ते पक्षाच्या पगारी प्रवक्त्यांच्या बापालाही जमलं नसतं.

सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ यांची एक जनमत चाचणी होती. माणसं सुमारे तीन हजार, दर आठवड्याला तीच. त्यांत तरुण कृष्णवर्णीय पुरुष हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मग जो सापडला त्याचंच वजन वाढवायचं, म्हणजे लोकसंख्येतला वाटा भरून निघतो. यात गैर काही नाही, सगळेच करतात. फक्त या विद्वानांनी वयाचे कप्पे भलतेच बारीक पाडले आणि ‘मागच्या वेळी मत कुणाला दिलं होतंत?’ याचाही हिशेब त्यात घातला. झालं! आपल्या पठ्ठ्याचं वजन भरलं सरासरी माणसाच्या 30 पट आणि सगळ्यात हलक्या माणसाच्या 300 पट.

कृष्णवर्णीयांमधला ट्रम्प यांचा पाठिंबा त्याने एकट्याने दोन आकडी करून दाखवला. देशाच्या आकड्यातही टक्काभर भर घातली. विश्लेषकांना वाटावं, एक अख्खा समाज कूस बदलतोय. प्रत्यक्षात पोरगं तेवढं ऑनलाइन होतं. मग एकदा त्याने उत्तरच पाठवलं नाही, आणि ट्रम्प यांची आघाडी गेली. परीक्षा असेल, झोप लागली असेल. लाट ओसरायला तेवढं पुरतं.

ऑक्टोबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या नेट कोन यांनी हे बिंग फोडलं. तेही विद्यापीठाने कच्ची आकडेवारी खुली ठेवली होती म्हणून. आपल्याकडे वाहिन्यांवर ‘अमुक समाजाची इतके टक्के मतं’ असा रंगीत तक्ता झळकतो. त्या समाजाची माणसं विचारली किती, हे मात्र खालच्या पट्टीवर सहसा सरकत नाही. हजारांच्या नमुन्यात सव्वाशे आले, तर आकडा नऊ टक्के इकडे किंवा तिकडे घसरू शकतो. पण ‘साधारण 20 ते 38’ असं म्हणणाऱ्या तज्ज्ञाला पुन्हा कोण बोलावणार?

त्याच निवडणुकीत लॅटिनो मतदारांचंही असंच झालं. एक्झिट पोल म्हणाला, ट्रम्प यांना 28 टक्के. लॅटिनो मतदारांचाच अभ्यास करणारी ‘लॅटिनो डिसिजन्स’ म्हणाली, 18. दोघांनी आपापला आकडा छातीठोकपणे मांडला. लॅटिनो वस्त्यांतली किती केंद्रं निवडली, स्पॅनिशमध्ये किती जणांशी बोललात, यावर नंतर पुष्कळ वाद झाला. मतदार तोवर घरी गेले होते.

आणि ती तीस पटींची चाचणी? तिने ट्रम्प तीन टक्क्यांनी पुढे दाखवले होते. मतांत ते दोन टक्के मागे राहिले. पण राष्ट्राध्यक्ष तेच झाले, म्हणून तिची पाठ थोपटली गेली. गणित चुकूनही पहिला नंबर मिळण्याची ही सोय आपल्या बोर्डाने अजून केलेली नाही.