पानं हिरवी, फाइल बंद

गोव्याच्या खारफुटीची प्रकृती ठणठणीत आहे, याबद्दल शंका नको. कारण ती वरून तपासली जाते. भारतीय वन सर्वेक्षणाने उपग्रहाच्या डोळ्यांनी पाहून २०२१ च्या अहवालात गोव्याच्या नावावर २७ चौरस किलोमीटर खारफुटी जमा केली आहे. पान हिरवं दिसलं की काम झालं. झाडाखालच्या चिखलात कोण उरलं ते अवकाशातून दिसत नाही, आणि खाली वाकून पाहणं सरकारी कण्याला मानवत नाही.

वास्तविक चिखलाचा हिशेबनीस तिथेच, बिनपगारी बसलेला आहे: गोगलगाय. लांबोडक्या शंखाची टेलिस्कोपियम गाळावरचं शेवाळ आणि कुजकी पानं खाते, लिटोरारिया खोडावर चढून बसते. तिकडे डिचोली-सांग्याच्या खाणींत एक टन लोहखनिजामागे अडीच-तीन टन टाकाऊ माती निघते. तिचे डोंगर रचून ठेवायचे. ते नदीत उतरवण्याचं काम पाऊस फुकटात करतो. बारीक गाळ शेवाळावर बसतो, श्वसनमुळांभोवती साचतो, आणि त्याच कणांना चिकटून लोह-मँगनीज येतं. खारफुटी प्रदूषण अडवून धरते म्हणून आपण भाषणांत तिचे पोवाडे गातो. अडवलेलं जिथे साठतं ते गोगलगायीचं ताट आहे, एवढं मात्र भाषणात राहून जातं. झाड सोसत उभं राहतं. गाळच खाणाऱ्या जिवाला ती सोय नाही. म्हणून पानांच्या हिरवेपणावरून चिखलाला निरोगीपणाचा दाखला देता येत नाही.

यावर ठरलेलं उत्तर असं, की गोव्याची मातीच लाल, जांभ्याला काय खाणवाल्यांनी रंग दिला? आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच तुलना करावी लागते. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मांडवीतल्या दिवाडची आणि शापोऱ्याकाठच्या तुयेंची खारफुटी तपासली. जांभा दोन्हीकडे आहेच, पण खाणींची नदी मांडवी, आणि लोह-मँगनीज दिवाडच्या गाळात जास्त. जांभ्याने नदी पाहून पक्षपात केला असावा! दुसरा आक्षेप अधिक चतुर आहे: शंख तर ढिगाने दिसतात. दिसतातच. रिकाम्या शंखांत खेकडेही बिऱ्हाड करतात, तेही मोजणीत धरले तर आकडा आणखी फुगेल. प्रश्न ढिगाचा नाही. किती जाती उरल्या, आणि मोठ्या शंखांबरोबर पिल्लंही सापडतात का, हे पाहायला हवं. एकच चिवट जात माजली आणि नाजूक जाती गेल्या, तरी बेरीज वाढू शकते. मूठभर गोगलगायींसाठी हजारोंचा रोजगार बुडवायचा का, असा कळवळाही येतो. चिखलातल्या तिसऱ्या-शिंपल्या वेचून पोट भरणाऱ्यांचा रोजगार त्याच गाळात आहे. त्यांच्याकडे खनिज वाहणारे बार्ज नाहीत, म्हणून कळवळा तिथवर पोचत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मार्च २०१८ पासून खाणी थांबल्या आणि २०२२ च्या अखेरीस खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले. मधली वर्षं ही गोगलगायी मोजायला आयती संधी होती: खाण बंद असताना चिखल कसा सावरतो ते कळलं असतं, आणि नव्या पट्टेदारांसमोर ठेवायला एक आकडा मिळाला असता. आता नव्या परवान्यांसाठी पर्यावरण आघात अहवाल लागतात, आणि त्यांची पायाभूत माहिती साधारणपणे एकाच हंगामात गोळा केली जाते. कोणत्याही हंगामात चालते. फक्त पावसाळा वगळून.