कमरपट्ट्यावरची बाग

अमेरिकेच्या पश्चिम भागात खोगिरावर फुले-पाने उठवण्याची जी कला गुराख्यांच्या गरजेतून आणि मिरवण्याच्या हौसेतून वाढली, तिच्या आश्रयाने आज एक वेगळाच प्राणी सुखाने नांदत असून, त्याच्यापाशी घोडा नसतो, खोगीर नसते आणि गाईशी त्याचा संबंध बहुधा बर्गरपुरताच असतो. हा प्राणी म्हणजे चामड्यावर फुले कोरणारा हौशी गृहस्थ होय. तो सामान्यतः निवृत्त किंवा निवृत्तीच्या वाटेवरचा असतो, आणि त्याची कार्यशाळा म्हणजे मोटारीला हुसकावून लावून मिळवलेली गॅरेजची जागा असते.

त्याची निष्ठा बहुधा शेरिडन शैलीवर असते. वायोमिंग राज्यातील शेरिडन या गावी खोगीरकार डॉन किंग (१९२३–२००७) यांनी नावारूपाला आणलेल्या या शैलीत फुले लहान व दाट असतात, आणि त्यांचे देठ एकमेकांत गुंतणाऱ्या वर्तुळांतून वाहत जातात. वर्तुळ काढणे सोपे असते असा या गृहस्थाचा समज पहिल्या आठवड्यापर्यंत टिकतो.

मुळात या कोरीवकामात चामड्याचा कणही काढून टाकला जात नाही. ओलसर चामड्यावर फिरत्या पात्याच्या सुरीने, म्हणजे तर्जनी वरच्या खोबणीत टेकवून बाकीच्या बोटांनी दांडा फिरवावा लागणाऱ्या सुरीने, जाडीच्या निम्म्याहून कमी खोल रेघ पाडतात. मग त्या रेघेची एक कड धातूच्या ठशाने ठोकून दाबली की उरलेली कड उठून दिसते, आणि फूल वर आल्याचा भास होतो. यासाठी वनस्पतिजन्य टॅनिनने कमावलेले चामडेच लागते, कारण ठोकलेला आकार तेच नीट धरून ठेवते. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले कोल्हापुरी चपलेचे कातडे याच कुळातले.

चामडे किती ओले असावे हा या पंथातील धर्मशास्त्रीय प्रश्न होय. ते भिजवून, रंग जवळजवळ पूर्ववत होईपर्यंत थांबावे, असा सर्वमान्य दंडक आहे. पण एका बैठकीत काम न संपल्यास तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, बुरशी धरू नये म्हणून शीतकपाटात ठेवण्याची प्रथाही रूढ असल्यामुळे, चीज शोधणाऱ्या पत्नीच्या हाती अर्धवट पट्टा लागतो आणि कलेविषयी त्या घरात पहिली गंभीर चर्चा घडते.

शेजाऱ्यांचे मत वेगळे घ्यावे लागत नाही, कारण ठोकताना खाली ग्रॅनाइटची लादी लागते (ती ओट्याच्या दुकानातून, सिंकसाठी कापलेला तुकडा म्हणून, फुकट मिळाल्याचा अभिमान त्याला फुलांपेक्षा अधिक असतो) आणि तिच्यावरचा मोगरीचा आवाज भिंतीपलीकडे सहज पोचतो.

परंतु या गृहस्थाचा खरा छंद कोरणे नसून ठसे घेणे हा आहे, असे निरीक्षणांती म्हणावे लागते. ठशांना अक्षरे व आकडे असतात: कड दाबणारे ‘बी’ने सुरू होतात, पाकळीला खोली देणारे ‘पी’ने, पार्श्वभूमी खाली बसवणारे ‘ए’ने. टेक्ससमधील टँडी ही १९१९ साली सुरू झालेली कंपनी नवशिक्यांसाठी मोजक्या ठशांचा संच विकते, आणि एवढ्यात पुष्कळ काम भागते. पण त्याचे भागत नाही. पान बिघडले की दोष हाताला न देता ठशाला देण्याची सोय असल्याने, प्रत्येक बिघडलेल्या पानामागे एक नवा ठसा घरात येतो. तो आपल्या कामाचे वर्णनही आकड्यांतच करतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला फुलाऐवजी यंत्राच्या सुट्या भागांची यादी ऐकल्यासारखे वाटते.

यातून जे निर्माण होते ते वाटावे लागते. पहिल्या वर्षी नातलगांना किल्ल्यांचे पट्टे मिळतात, दुसऱ्या वर्षी पाकिटे. जावयाच्या वाट्याला कमरपट्टा येतो, आणि त्यावर त्याचे नाव कोरलेले असल्यामुळे तो दुसऱ्याला देऊन टाकण्याची वाटही बंद होते.

चुका झाकण्यासाठी गडद रंगाचा लेप असतो; तो खाचांत बसतो आणि डळमळीत ठोकणीलाही जुनेपणाचा मान मिळवून देतो. मात्र अगदी शेवटी पाकळ्यांवर सुरीने ज्या शोभेच्या रेघा मारतात, त्यांना हा लेप उलट अधिकच उघडे पाडतो, कारण त्यांच्यावरून ठसा फिरत नाही आणि एकदा पडलेली रेघ पुसता येत नाही. तेव्हा असा पट्टा भेट आलाच, तर वाचकाने फुलांकडे न पाहता या रेघांकडे पाहावे. त्या खोल सुरू होऊन निमुळत्या होत संपत असतील तर पट्टा खुशाल मिरवावा, नसतील तर सदरा बाहेर सोडावा.