खालचा पैलवान

कुस्तीचं तैलचित्र काढायचं मनावर घेतलं, तर कोल्हापुरात पहिली अडचण येते ती माणसांची. एक वर, एक खाली, एवढी तरी लागतातच. वरच्या जागेसाठी अख्खी तालीम तयार. खाली बसायला कुणी नाही. "मैदानातली कुस्ती लोक इसरत्यात, साहेब," एकानं मला समजावलं, "चित्र भिंतीवर ऱ्हातंय."

रंगांचं तसं नाही. ते तालमीत तयारच असतात. हौद्यातल्या मातीत काव, हळद, ताक, लिंबू आणि तेल मुरवलेलं असतं. माझ्या बर्न्ट सिएनाच्या ट्यूबमध्ये तरी दुसरं काय? लोहाची माती आणि जवसाचं तेल. मी फक्त ताक घालत नाही.

घोडं अडतं ते वेगापाशी. पटाचा डाव निघतो डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर. जवसाचं तेल मात्र हवेतला ऑक्सिजन घेत सावकाश घट्ट होणार. त्यातही टर्पेंटाइनचा पातळ थर आधी, तेलकट नंतर. उलटं केलं की पुढे भेगा. म्हणून हवेत उचललेला ढाक वगैरे सोडून मी कब्जाच धरला. खालचा हातागुडघ्यांवर, वरचा कमरेला मिठी घालून, दोघंही नुसते धापा टाकताहेत. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काही चाललेलंच नाही. सगळा जोर पायाच्या अंगठ्यांत, मातीत रुतलेल्या. तैलरंगाला अशीच कुस्ती मानवते.

जॉर्ज बेलोजनं १९०९ साली न्यूयॉर्कमधले दोन मुष्टियोद्धे रंगवले, त्यांचे चेहरे नीट दिसतच नाहीत. त्यालाही बहुधा माणसांची हीच अडचण आली असावी! मीही तोच मार्ग धरला. चेहरा मातीकडे वळवायच्या अटीवर एक पोरगा खाली बसायला राजी झाला.

वस्तादांची अट वेगळीच. "त्वांड कसंबी काढा, कान तेवढा मोडल्याला काढा." रगड खाऊन सुजलेला, आतल्या घड्या बुजलेला, वाळल्या अंजिरासारखा तो कान. त्याच्यावर मी पाठीपेक्षा जास्त रंग खर्चला.

चित्र वाळल्यावर वस्ताद आले. वरच्याचा कान पसंत पडला. मग खालच्याकडे बराच वेळ बघून म्हणाले, "ह्यो आपला न्हवं. पलीकडच्या पेठंतला दिसतोय. लावा की मग तालमीत!"

खाली बसलेला पोरगा शेजारीच उभा होता. त्यानंही जोरात मान डोलावली.