काम चालू, जादू बंद
थंडीतल्या डिस्नेलँडसाठी मराठी आई-वडिलांना मार्गदर्शन

सगळ्या राइड्स फिरत असताना आणि रोज रात्री आभाळ उजळत असताना डिस्नेलँड कोणीही पाहील. त्याला पैसे लागतात, कसब लागत नाही. खरी परीक्षा जानेवारी-फेब्रुवारीत असते. ज्या राइडसाठी आलो नेमकी तीच कुंपणाआड असते, किल्ल्यावर आतषबाजीऐवजी नुसते रंगीत दिवे पडत असतात आणि तरीही घरी येऊन ‘पैसे वसूल’ म्हणायचे असते. कॅलिफोर्नियात मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला आलेल्या आणि याच हंगामात ॲनाहाइमच्या डिस्नेलँडला नेल्या जाणाऱ्या आई-वडिलांनी निघण्यापूर्वी पुढील सूचना शांतपणे वाचाव्यात. जावयांनी वाचल्यास हरकत नाही, पण मोठ्याने वाचू नयेत.

१. मुहूर्त

डिस्नेलँडच्या तिकिटाला एकच एक दर नाही. ज्या दिवशी गर्दी जास्त अपेक्षित, त्या दिवशी दर चढा. २०२४च्या अखेरीस एका दिवसाच्या, एका पार्कच्या, मोठ्या माणसाच्या तिकिटाचा सर्वांत कमी दर १०४ डॉलर होता आणि सर्वांत जास्त २०६. यातला पहिला आकडा ज्या दिवसांवर पडतो, त्यांतले बरेचसे नाताळची गर्दी ओसरल्यानंतरचे आडवार असतात. कंपनी राइड्स दुरुस्तीला काढते तीही याच दिवसांत. मुलगा सांगतो, “बाबा, तेव्हा गर्दी नसते.” हे खरेच आहे. गर्दी का नसते, हे तो सांगत नाही, आणि बाबांनीही विचारू नये. तिकिटे काढून झालेली असतात.

तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. नातवाचा तिसरा वाढदिवस फेब्रुवारीत असेल, तर सहल जानेवारीतच का ठरते याचा उलगडा इथे होतो. दारावर आजीने “मोठा झाला हो आता माझा राजा” असे कौतुक करण्याचे टाळावे.

डॉलरला रुपयाने गुणण्याचे काम पार्किंगमध्येच एकदा उरकून घ्यावे. आत गेल्यावर चुरोच्या गाडीसमोर ते पुन्हा काढू नये. सून तिथेच उभी असते.

२. काय बंद असेल, याचा अंदाज

दुरुस्तीला जाणाऱ्या राइड्सची यादी पार्कच्या संकेतस्थळावर काही आठवडे आधी लागते. ती पाहावी, पण पाहिल्याचे सांगू नये. फाटकाशी गेल्यावर “मला वाटलंच होतं” म्हणण्याची संधी वाया जाते.

दोन नावे पाठच असू द्यावीत. ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ ही होडीतून जगाची सफर घडवणारी राइड मुळात न्यूयॉर्कच्या १९६४-६५च्या जागतिक प्रदर्शनासाठी बनली आणि १९६६ साली ॲनाहाइमला आली. १९९७पासून दर वर्षी तिला नाताळचा साज चढवतात. दुसरा ‘हाँटेड मॅन्शन’, म्हणजे भुतांचा वाडा. त्यालाही २००१पासून हिवाळी सोंग देतात. हा साज चढवायला जसा वेळ लागतो तसाच उतरवायलाही लागतो, आणि ते उतरवण्याचे दिवस म्हणजे जानेवारी. अनंत चतुर्दशीनंतर मखर काढून घर पुन्हा घर व्हायला किती दिवस जातात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी अमेरिकनांच्या नावाने बोटे मोडू नयेत.

बाकीच्या राइड्स वयामुळे बंद होतात. बर्फाच्या डोंगरातून धावणारी ‘मॅटरहॉर्न’ १९५९ची आहे. पोलादी नळ्यांच्या रुळांवर धावणारा जगातला पहिला रोलर कोस्टर तो हाच. स्वित्झर्लंडच्या खऱ्या मॅटरहॉर्नच्या शंभराव्या हिश्शाइतकी, १४७ फूट उंची. साठी उलटलेले पोलाद अधूनमधून तपासून घ्यावेच लागते. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ १९६७ची. तिथे पाणी उपसल्याशिवाय होड्यांचा मार्ग दिसत नाही. आजोबांनी या यंत्रांकडे सहानुभूतीने पाहावे. गुडघे, मोतीबिंदू आणि वार्षिक तपासणी यांतून तीही सुटलेली नाहीत.

३. बंद दारासमोर उभे राहण्याची पद्धत

बंद राइडसमोर उभे राहणे ही इथली सर्वांत जुनी परंपरा आहे, हे नीट समजले की मान आपोआप ताठ होते.

डिस्नेलँड उघडले १७ जुलै १९५५ला. बांधकामाला जेमतेम एक वर्ष मिळाले होते. उद्घाटन टीव्हीवर थेट दाखवले जात होते आणि सूत्रसंचालकांत पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन होते. इकडे उन्हाने ताजे डांबर मऊ पडले होते आणि त्यात बायकांच्या बुटांच्या टाचा रुतत होत्या. नळ बसवणाऱ्यांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे बरेचसे नळ कोरडे होते. खोट्या आमंत्रणपत्रिका घेऊन आलेल्यांमुळे गर्दी आवरेना. ‘टुमॉरोलँड’ हा पार्काचा भाग पुरता झालाच नव्हता, म्हणून तिथे फुगे आणि पताका लावून वेळ मारून नेली. असेही सांगतात, की बागकामाचे पैसे संपल्यावर उगवलेल्या तणालाच लॅटिन नावांच्या पाट्या लावल्या आणि पाहुणे ते दुर्मीळ झाड म्हणून पाहत गेले. तेव्हा कुंपणावर परीकथेच्या भाषेत गोड माफी मागितलेली दिसली, तर ती त्या तणाच्या पाट्यांच्याच घराण्यातली समजावी आणि तेवढ्याच आदराने वाचावी.

भुतांच्या वाड्याची कहाणी आणखी उद्बोधक आहे. त्याची इमारत १९६३ साली बाहेरून पूर्ण झाली. लोकांना आत सोडले ते १९६९ साली. मध्ये जागतिक प्रदर्शनाचे काम आले, १९६६ साली वॉल्ट डिस्ने गेले, आणि सहा वर्षे लोक एका सुंदर, रंगवलेल्या, बंद वाड्यापुढून चालत राहिले. आज वाड्यात ९९९ भुते राहतात आणि हजाराव्याची जागा रिकामी आहे, असे कंपनी सांगते. सेवानिवृत्तांनी हुरळून जाऊ नये. दुरुस्तीच्या काळात भरती बंद असते.

पाटी वाचताना तारीख शोधावी. उघडण्याची तारीख असेल तर निर्धास्त राहावे. ‘स्प्लॅश माउंटन’ ही राइड ३१ मे २०२३ला बंद झाली आणि तीच वास्तू नवे नाव, नवी गोष्ट घेऊन १५ नोव्हेंबर २०२४ला उघडली. तारीख नसेल, तर मात्र टुमॉरोलँडमध्ये मान वर करून एकदा पाहावे. डोक्यावरून एक रिकामा मार्ग जाताना दिसतो. त्यावरून ‘पीपलमूव्हर’ नावाची संथ गाडी फिरायची. ती १९९५ साली थांबली. मग १९९८ साली त्याच मार्गावर ‘रॉकेट रॉड्स’ धावू लागल्या, २००० साली दुरुस्तीसाठी बंद झाल्या आणि परत आल्याच नाहीत. मार्ग तसाच उभा आहे. ‘तात्पुरते बंद’ हे शब्द किती ताणता येतात, हे नातवंडांना दाखवायला एवढी चांगली जागा नाही, आणि तिथे रांगही नसते.

फावल्या वेळात मुलांना एक खेळ द्यावा. जे पाहुण्यांच्या डोळ्यांत भरू नये, ते डिस्नेवाले एका विशिष्ट करड्या-हिरव्या रंगाने रंगवतात. कर्मचाऱ्यांत त्याला ‘गो अवे ग्रीन’ म्हणतात. कुंपणे, मागची दारे, गोदामांच्या भिंती अशा सगळ्यांना तोच रंग. तो हुडकत फिरावे. चालू पार्कात हा रंग कोणाला दिसत नाही. बंद पार्कात आजोबांना दुसरे काही दिसत नाही.

४. उरलेल्या राइड्सचा बंदोबस्त

पार्कात माणसे कमी असली तरी चालू राइड्सही कमी असल्याने रांगेची लांबी जागच्या जागी राहते. हे गणित मुलाला समजावू नये. त्याचे शिक्षण आपणच केले आहे.

रांग टाळण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला पैशाचा. १९९९ साली ‘फास्टपास’ नावाने सुरू झालेली ही सोय फुकट होती; २०२१च्या अखेरीस तिच्या जागी पैशाची सोय आली आणि आता ती ‘लाइटनिंग लेन’ म्हणून विकली जाते. दुसरा मार्ग ‘सिंगल रायडर’च्या रांगेचा. काही मोजक्या राइड्सना ती असते. ती भराभर सरकते, पण प्रत्येकाला एकेकटे, मिळेल त्या रिकाम्या जागेवर अनोळखी माणसाशेजारी बसवतात. बऱ्याच वर्षांच्या संसारानंतर काही दांपत्ये ही रांग आनंदाने निवडतात. त्यावर मुलांनी चेहरे करू नयेत.

बसायला मिळणे हा स्वतंत्र पुरुषार्थ आहे. ‘एन्चँटेड टिकी रूम’ १९६३ची. यंत्राचे पक्षी गातात, खुर्ची मिळते, खोली गार असते आणि डोळा लागला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. आगगाडी चालू असेल, तर तिने पार्काला पूर्ण फेरी मारावी. वाटेत ग्रँड कॅन्यनचा देखावा आणि डायनासोर लागतात. गाडीतून उतरण्याची घाई करू नये.

बाहेरचे खाणे आत नेता येते, ही बातमी कंपनीने फार गाजवलेली नाही. काच मात्र चालत नाही, तेव्हा लोणच्याची बरणी घरी ठेवून फोडी डब्यात घ्याव्यात. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दिवस संक्रांतीचे असल्याने गूळपोळ्या, एवढे पुरे. डबा किल्ल्यासमोर उघडावा की आडोशाला, यावर सुनेचे मत अंतिम राहील. परतताना जेवायचे बळ उरलेच, तर आर्टेशियाच्या पायोनियर बुलेव्हार्डवर भारतीय खानावळी आहेत. तिथे काहीही दुरुस्तीला काढलेले नसते.

एखादी राइड मध्येच थांबली, तर घाबरू नये आणि मोबाइलवरून चिरंजीवांना ओरडू नये. कर्मचारी येऊन शिस्तीने उतरवून घेतात. ‘स्पेस माउंटन’मध्ये असे झाले तर भाग्य समजावे. एरवी अंधारात तारे आणि अंतराळ वाटते, तिथे मोठे दिवे लागतात आणि एका प्रचंड खोलीत गिचमिड उभे केलेले पोलादी रूळ दिसतात. ते पाहायला मिळावे म्हणून वर्षानुवर्षे नवस करणारे भाविक अमेरिकेत आहेत. त्या दिवे लागलेल्या खोलीत कळते, की जादू करणाऱ्यांनी अंधारातही किती नेटके काम केले आहे.

५. रात्रीचा कार्यक्रम

थंडीत आतषबाजी रोज नसते, बहुधा शुक्रवार ते रविवारच. इतर रात्री किल्ल्यावर आणि ‘मेन स्ट्रीट’ या पार्काच्या मुख्य रस्त्यावरच्या इमारतींवर चित्रे पाडतात, संगीत लावतात. ‘स्लीपिंग ब्यूटी’चा किल्ला ७७ फुटांचा, म्हणजे फार तर सात मजल्यांचा. आकाश न पाहता समोर पाहायचे असल्याने मानेचा पट्टा लावणाऱ्यांना हाच कार्यक्रम श्रेयस्कर.

आतषबाजीची रात्र साधली तरी निश्चिंत होऊ नये. खाली पान हलत नसताना वरच्या हवेत वारा जास्त आहे, या कारणावरून ती रद्द होऊ शकते. दीड तास जागा धरून, पायांवर शाल घेऊन, चिवड्याची पिशवी संपवून झाल्यावर ही घोषणा होते. अशा वेळी पैसे परत मागू नयेत; कार्यक्रम बदलू शकतात, हे कंपनीने आधीच लिहून ठेवलेले असते. शालीची घडी घालावी आणि “धुराचा त्रास वाचला” असे एकाने म्हणावे. दुसऱ्याने होकार द्यावा.

शेजारच्या कॅलिफोर्निया ॲडव्हेंचरमध्ये जवळपास १,२०० कारंज्यांचा ‘वर्ल्ड ऑफ कलर’ असतो, २०१०पासून. चालू असेल तर पुढे उभे राहू नये, भिजायला होते. बंद असेल तर पुढे उभे राहायला हरकत नाही.

‘फँटास्मिक’ हा डिस्नेलँडमधल्या नदीवरचा खेळ १९९२पासूनचा. पाण्याच्या तुषारांच्या पडद्यावर चित्रे आणि शेवटी आग ओकणारा अजस्र ड्रॅगन, असा त्याचा थाट होता. २२ एप्रिल २०२३च्या रात्री खेळ चालू असताना ड्रॅगननेच पेट घेतला. प्रेक्षकांना सुखरूप बाहेर काढले, पण ड्रॅगन गेला. खेळ १३ महिने बंद राहून २४ मे २०२४ला परतला, ड्रॅगनशिवाय. ही माहिती जपून ठेवावी. पुढच्या कलमात लागेल.

६. परतल्यावर सांगण्याची पद्धत

सोसायटीच्या बाकावर ‘बंद होते’ हे शब्द वापरू नयेत. ‘आम्हांला आतलं काम बघायला मिळालं’ असे म्हणावे. वाड्याच्या बंद दाराचा फोटो दाखवताना १९६३ आणि १९६९ ही दोन साले सांगावीत. पाहणाऱ्याला आपण खास मुहूर्त गाठून गेलो होतो असे वाटते. डिस्नेलँड कधीच पूर्ण होणार नाही, असे खुद्द वॉल्ट डिस्ने म्हणत, हेही जोडावे. मग जे अपुरे पाहिले तेच अस्सल ठरते.

एवढे करूनही एखादे शेजारी मे महिन्यात जाऊन येतातच. सगळ्या राइड्स चालू होत्या, आतषबाजी रोज होती, फँटास्मिक तर दोनदा पाहिला, असे ते तासभर सांगतील. मध्ये अजिबात बोलू नये. त्यांचे संपल्यावर चष्मा पुसावा आणि विचारावे, “ड्रॅगन कसा वाटला?”

ते म्हणतील, “ड्रॅगन? ड्रॅगन काही नव्हता.”

“अरेरे,” म्हणावे, “म्हणजे तुमच्याही वेळी कामच चालू होतं तर.”